माल हवेत असताना

डॉक्टरांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि तिथेच क्रेनवाल्या वरच्याची पंचाईत झाली. सव्वीस वर्षं तो माणसांचे हात बघून काम करत आला होता. कारखान्याच्या छताखाली, जमिनीपासून चाळीस फुटांवर टांगलेल्या केबिनमध्ये बसून क्रेन चालवायची. खालच्या खडखडाटात कुणाचा शब्द वर पोचत नाही, पोचतो तो हात. बोट वर करून फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की सोड, आडवा हात झाडला की थांब. समोरचा बोलायला लागला की वरच्याची नजर आपोआप त्याच्या मनगटांवर जायची, आणि ह्या डॉक्टरांची मनगटं तर कोटात गेली होती.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले.

"बरं झालं."

"पण नाही म्हणून सोडून देण्यासारखंही नाही."

वरच्याने मान हलवली. न कळलेल्या गोष्टीला मान हलवायची सवय त्याला नव्हती, पण इथे खुर्चीत बसून दुसरं काय करणार. चार महिन्यांपूर्वी लघवीतून रक्त गेलं, मग तपासण्या झाल्या, मग भूल देऊन दुर्बीण घातली, आणि आता हा निकाल.

"लघवीच्या पिशवीला आतून अस्तर असतं," डॉक्टर सांगू लागले. "ते मऊ, ओलसर असायला हवं. तुमचं एका जागी जाड झालंय, पांढरा चट्टा पडलाय. हाताला घट्टा पडतो ना, तसं समजा."

वरच्याने तळवे उलटे करून पाहिले. लिव्हर धरून धरून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी पडलेला घट्टा वीस वर्षांचा होता. त्याने कधी म्हणून त्रास दिला नव्हता.

"घट्टाच आहे तर."

"हातावर असता तर मी त्याच्याकडे बघितलंही नसतं. आत असायला नको. फार थोड्या लोकांत दिसतं हे. काहींचं वर्षानुवर्षं तसंच राहतं. काहींचं पुढे बिघडतं."

"माझं?"

"ते आज सांगता येत नाही."

"मग काढून टाका."

"दिसला तेवढा काढलाय, त्याचाच तर हा रिपोर्ट. पण हे परत येऊ शकतं. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. भरपूर पाणी प्यायचं. आणि दर दोन तासांनी लघवीला जायचं, तुंबवून ठेवायचं नाही. काम काय करता तुम्ही?"

"बसून असतं," वरचा म्हणाला. ते काही खोटं नव्हतं.

बाहेर खिडकीशी कागद जमा करून बायको परत आली होती. ती पोस्टात काउंटरवर बसायची. फॉर्म, शिक्के, रांगा ह्यांना ती बधत नसे, म्हणून दवाखान्यातलं ते खातं तिच्याकडे होतं.

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. म्हणजे आहे. पण ते नाही."

"ते म्हणजे?"

"ते गं. आत घट्टा पडलाय म्हणे."

"आत कुठे घट्टा पडतो?"

"तेच तर."

पत्ता न लिहिता पार्सल पुढे करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या हातातलं कार्ड घेतलं, पुढची तारीख वाचली आणि पर्समध्ये ठेवून दिलं.

त्याला वरचा म्हणायला लागले त्याला खूप वर्षं झाली होती. आणि वरचा झाला म्हणून खाली उभा राहून त्याला खुणा करणारा सिग्नलवाला आपोआप खालचा झाला. दोघांची खरी नावं हजेरीच्या पानावर तेवढी उरली होती. खालचा एरवी भलता बडबड्या, पण पिवळी टोपी डोक्यावर चढली की तोंड बंद, फक्त हात. पोलादाची बारा टनांची प्लेट त्याच्या एका बोटावर वर जायची आणि त्याच बोटाने दिलेल्या खुणेवर अलगद टेकायची. दोघांत आजवर कामावरून भांडण झालं नव्हतं. भांडायला बोलावं लागतं, असं खालचा म्हणायचा.

केबिनच्या दाराला पत्र्याची एक पाटी ठोकलेली होती. तिच्यावरचे नियम वरच्याला झोपेत विचारले असते तरी त्याने म्हणून दाखवले असते. खूण एकाच माणसाची घ्यायची. खूण कळली नाही तर यंत्र हलवायचं नाही. थांबण्याची खूण मात्र कुणीही करो, साहेब करो की झाडूवाली, ती तत्काळ पाळायची. आणखीही दोन-चार होते. त्यातला दुसरा त्याचा सगळ्यात लाडका. अर्धवट कळलेल्या खुणेवर लिव्हर ओढणारे कितीतरी त्याने पाहिले होते, आणि त्यांतल्या एकाने भिंत पाडलेलीही पाहिली होती.

पाटीवर नसलेला एक नियम त्याचा स्वतःचा होता. एकदा वर चढलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली यायचं नाही. बावन्न पायऱ्यांची उभी शिडी, उतरायला पाच मिनिटं, चढायला सात, आणि तेवढ्यात खाली सगळ्यांची कामं अडलेली. म्हणून सकाळी अर्धा कप चहा आणि पाण्याचा घोट नाही. नव्या ऑपरेटरांना फोरमन कौतुकाने सांगायचा, "वरच्याचं बघा. पिशवी नाही, टाकी आहे टाकी." ह्या टाकीचा त्याला गर्व होता, लपवण्यात काय अर्थ आहे. तीच टाकी आता आतून पांढरी पडली होती, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. फिटनेसच्या कागदावर असलं काही चढलं की साहेब लोक खाली बसवणार, गोदामात, बोल्टांच्या खोक्यांशेजारी. खाली बसून वरच्याला कोण वरचा म्हणणार होतं?

तीन महिन्यांनी तारीख आली त्याच दिवशी बायकोच्या पोस्टात तपासणीला साहेब यायचे होते.

"मी सांगते त्यांना, रजा टाकते."

"कशाला? मी काय लहान आहे?"

दवाखान्यात खिडकीमागच्या मुलीने कार्ड बघितलं आणि विचारलं, "तक्रार काय?"

"तक्रार नाही."

"मग आलात कशाला?"

त्याने कार्डावरच्या तारखेवर बोट ठेवलं. तिने काहीतरी लिहिलं आणि नंबर दिला. तो बाकावर जाऊन बसला. शेजारच्या म्हाताऱ्याने आपलं प्रोस्टेटचं रामायण सांगितलं आणि आपुलकीने विचारलं, "तुमचं काय?"

वरच्याने तोंड उघडलं. कॅन्सर म्हणावं तर नाही. काही नाही म्हणावं तर दर तीन महिन्यांनी दुर्बीण कशाला? आजारी म्हणावं तर काल त्याने अठ्ठावीस लोड हलवले होते. बरा म्हणावं तर आतलं कुणी पाहिलंय? त्याने तोंड मिटलं. आतून कुणीतरी उचल म्हणत होतं आणि कुणीतरी सोड म्हणत होतं, आणि दोघांचेही हात दिसत नव्हते. असं झालं की काय करायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. यंत्र हलवायचं नाही. तो उठला, नंबराचा कागद बाकावर ठेवला आणि घरी आला.

"काय म्हणाले?" रात्री जेवताना बायकोने विचारलं.

"ठीक आहे म्हणाले."

तिने पुढे काही विचारलं नाही. त्याला हायसं वाटलं आणि त्याच घासाला ठसकाही लागला.

बायको रोज दोन बाटल्या पाणी भरून द्यायची. रोज शिडी चढण्याआधी तो त्या नळाखालच्या मोरीत ओतून द्यायचा आणि संध्याकाळी रिकाम्या बाटल्या घरी न्यायचा. बायको त्या उलट्या करून बघायची आणि समाधानाने ओट्यावर ठेवायची. त्यानंतरही असेच दोन आठवडे गेले. एका सकाळी मोरीशी त्याच्या मागे पिवळी टोपी येऊन उभी राहिली.

"कुणाला पाजतोयस?" खालच्याने विचारलं.

"शिळं होतं."

"रोज शिळं? वहिनी काय हौदातून भरतात?"

वरच्याने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. मग सांगून टाकलं. रक्त, दुर्बीण, घट्टा, दोन तास, टाकी, सगळं. नीट सांगता येईना, कारण नीट कळलंच नव्हतं. खालचा मधे एकदाही बोलला नाही, हेच मोठं आश्चर्य.

"मग परत दाखवलंस?"

"गेलो होतो. बसलो. आलो."

"का?"

"काय चाललंय तेच कळेना. ते म्हणतात आहे पण नाही. वर घ्यायचं का खाली सोडायचं? म्हटलं, कळेपर्यंत काहीच करायचं नाही. नियमच आहे."

खालच्याने टोपी काढून कपाळ पुसलं.

"नियम आहे ना. खूण कळली नाही की माल हवेत थांबवायचा. बरोबर?"

"बरोबर."

"आणि माल हवेत असताना केबिन सोडून घरी जायचं, असं कुठल्या पाटीवर लिहिलंय?"

वरच्याने बाटली खाली ठेवली. पाटीवर ह्याच्या नेमकं उलट लिहिलेलं होतं, शेवटच्या ओळीत. माल लटकत असताना ऑपरेटरने जागा सोडू नये. एकदा वीज गेली तेव्हा नऊ टनांचा साचा हवेत घेऊन तो चार तास तिथे बसून राहिला होता. करण्यासारखं काही नव्हतं, लिव्हर मेलेली होती, ब्रेक लागलेला होता. तरी नजर मालावर ठेवून बसला होता, कारण बसायचं असतं. आणि त्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावरून मात्र तो उठून आला होता. त्याला एकदम लाज वाटली, पोरासोरांसमोर चूक पकडली जावी तशी.

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "मेडिकलला कळलं तर मी बोल्ट मोजत बसेन."

"एक शब्द बोलणार नाही," खालचा म्हणाला. "पण आता भरून घे ती बाटली."

त्या दिवशी दहा वाजता खालच्याने माल टेकवून घेतला, आडवा हात झाडला आणि मग सगळा हात खाली झोकून शिडीकडे दाखवलं. वरच्याला वाटलं काही तुटलं. तो उतरून आला, तर खालचा मोठ्या गंभीरपणे साखळीची एक एक कडी बघत होता. "साखळी तपासतोय," तो मोठ्याने म्हणाला. "पाच मिनिटं लागतील." मग हळूच, "जा की." बारा वाजता जेवण होतंच. दोन वाजता साखळी परत तपासावी लागली.

बायकोला सांगणं त्याहून अवघड गेलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने उशीच्या अभ्र्याचं एक टोक धरलं आणि म्हणाला, "त्या दिवशी मी दाखवलंच नाही."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"ठीक आहे म्हणणारा डॉक्टर कागद देतो. तुमच्या हातात कागद नव्हता." तिने अभ्रा त्याच्या हातातून घेतला. "मी वाट बघत होते, स्वतःहून कधी सांगता त्याची. आठवडाभर बघेन म्हटलं होतं, पंधरा दिवस झाले. आणखी दोन दिवस थांबले असते आणि मग तुमच्या कारखान्याच्या दारात येऊन बसले असते. मला भीती वाटते हो. तुम्हाला कळत नाही ते मलाही कळत नाही, पण तुम्ही निदान रोज वर जाऊन बसता. मी काउंटरवर बसून काय करायचं?"

तिचा आवाज चढला नाही. तो शेजारी बसला आणि दोघांनी मिळून राहिलेल्या घड्या घातल्या. त्याच्या घड्या तिने नंतर मोडून परत घातल्या, पण त्याच्यासमोर नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्यासोबत गेली. तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या वरच्याला पडदा दिसत होता. ह्या खेपेला भूल नव्हती, नुसतं बधिर करण्याचं औषध होतं, आणि ते पुरेसं होतं असं म्हणणाऱ्याला एकदा तिथे झोपवायला हवं होतं. दात आवळून त्याने पडद्याकडे पाहिलं. गुलाबी भिंत, तिच्यावर बारीक लाल रेषा, आणि एका कडेला भिंतीचा रंग उडावा तसा पांढरा ठिपका. हेच ते. सव्वीस वर्षं केबिनमध्ये त्याने पाण्याचा एक घोट घेतला नव्हता, त्याची ही खूण.

मग त्याची नजर सवयीने दुसरीकडे गेली. डॉक्टरांचे हात खिशात नव्हते. एका हातात नळी होती, दुसऱ्या हाताचा अंगठा एका छोट्या दांडीवर होता, आणि तो अंगठा दाण्याएवढा सरकायचा, थांबायचा, परत दाण्याएवढा सरकायचा. घाई नाही, धक्का नाही. माल टेकवताना शेवटचं चार बोटं अंतर वरचा स्वतः असंच घ्यायचा. त्याच्या जबड्याचा ताण थोडा उतरला.

"थोडं परत आलंय," डॉक्टर म्हणाले. "लहान आहे. तुकडा घेतो."

आठ दिवसांनी निकाल आला. कॅन्सर नाही. बिघडायला लागल्याची खूणही नाही. पण आहे.

"म्हणजे बरं का वाईट?" बायकोने विचारलं.

"म्हणजे आहे तिथे आहे," डॉक्टर म्हणाले. "तीन महिन्यांनी बघू."

"असं किती दिवस?"

"चट्टा आहे तोवर. आणि नसला तरी काही वर्षं."

वरच्याला अजूनही धड काही कळलं नव्हतं. पण कार्ड ह्या वेळी त्याने स्वतःच्या खिशात ठेवलं.

पुढच्या महिन्यात खालचा दोन दिवस रजेवर गेला, साडूच्या घरी काहीतरी काम निघालं म्हणून. त्याच्या जागी दुसऱ्या खात्यातून एक कडक इस्त्रीचा माणूस पाठवला, खुणा अगदी पुस्तकातल्यासारख्या करणारा, पण पुस्तकाबाहेर न बघणारा. ह्याच्यासमोर साखळी तपासायचं नाटक कोण करणार? सकाळी वरच्याने बाटल्या भरलेल्याच खाली शिडीशी ठेवल्या आणि तो वर चढला. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, त्याने मनाशी म्हटलं. टाकी आहे टाकी.

साडेनऊपासून ओटीपोटात जड व्हायला लागलं. पावणेदहाला त्याने पाय आवळले. हुकाला सात टनांची तुळई होती, अर्ध्या वाटेवर, आणि तो नव्या माणसाच्या बोटाकडे डोळे लावून बसला होता. तेवढ्यात नजरेच्या कडेला काहीतरी हललं.

झाडूवाली मावशी होती. एका हातात झाडू, दुसरा हात खांद्यातून सरळ आडवा काढलेला, तळवा जमिनीकडे, आणि तो ती झाडत होती. थांब. इतक्या वर्षांत तिने एकदाही खूण केली नव्हती. वरच्याचा हात विचार करण्याआधी लिव्हरवरून सुटला, ब्रेक लागला, तुळई हवेत थरथरून उभी राहिली. त्याने पाचावर धारण बसल्यासारखं खाली सगळीकडे पाहिलं. कोण सापडलं? कुठली दोरी तुटली? काहीच नव्हतं. नवा सिग्नलवालाही गोंधळून मागे वळला. मावशीने त्याला काहीतरी सांगितलं. त्याने टोपी सारखी केली, वर पाहिलं आणि बोट खाली करून फिरवायला लागला. सोड. तुळई लाकडी ठोकळ्यांवर टेकली. मग मावशीने झाडूचा दांडा उचलून समोरच्या भिंतीवरचं मोठं घड्याळ दाखवलं. दहा वाजले होते.

वरच्याने केबिनचं दार उघडलं. एक शब्द बोलणार नाही, असं खालच्याने कबूल केलं होतं, आणि तो शब्द त्याने पाळला असणार ह्याबद्दल वरच्याला शंका नव्हती. हातांचं त्याने काही कबूल केलं नव्हतं.

तो बावन्न पायऱ्या उतरून आला. तोंड कसं ठेवायचं हे कळत नव्हतं. पण त्याच्या तोंडाकडे कुणी बघतच नव्हतं. फिटर वाकून ग्राइंडरला भिडला होता. वेल्डरने चष्मा चढवलेलाच होता. फोरमन खिडकीकडे तोंड करून उभा होता, आणि त्या खिडकीतून पलीकडच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. मावशी स्वच्छ जमीन झाडत होती. इतकं मन लावून काम करताना ह्या लोकांना त्याने सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तो त्यांच्यामधून चालत गेला आणि पाच मिनिटांनी तसाच परत आला.

शिडीशी दोन्ही बाटल्या होत्या. दोन वाजता थांबण्याचा हात कोण करणार, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने एक बाटली कमरेच्या पट्ट्यात खोचली, वर जाऊन बसला, दार लावलं, आणि खुणेची वाट बघता बघता अर्धी बाटली पिऊन टाकली.